ब्रिन सुधारली, असं ठरलं

मी एक जुनी निळी ताडपत्री आहे, मित्रांनो. कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, कुणाच्या तरी गवताच्या गंजीवर आयुष्य जाईल. नशिबात होतं अमेरिकेतल्या यूटाहचं वाळवंट. हाताबाहेर गेलेल्या मुलांना रानात ठेवून सुधारणारी एक छावणी तिथं होती. दिवसा मुलं माझ्यात सामान बांधून चालत. नवं मूल रात्री पळून जाऊ नये म्हणून झोपताना मला त्याच्याभोवती गुंडाळत आणि माझ्या दोन्ही कडांवर एकेक माणूस आडवा होई. मूल जरा हललं की मी वाजे. "झकास पहारेकरी!" म्हणून छावणीप्रमुख गॅरेट मला थोपटायचा. मला केवढी फुशारकी वाटायची!

मग ब्रिन आली. पंधरा वर्षांची. वडील वारल्यावर तिनं शाळा सोडली होती, आईच्या अंगावर ओरडायची. आईनंच, लॉरेलनं, दोन अनोळखी माणसांकरवी तिला घरातून उचलून इथं धाडलं होतं.

"तुमच्या राजम्यापेक्षा वाळू चवीला बरी!" पहिल्याच जेवणाला ब्रिन म्हणाली. मुलं खो-खो हसली. गॅरेट हसला नाही. त्या दिवसापासून तिच्याशी कुणी बोलायचं नाही, असा हुकूम सुटला. ती माझ्यात तोंड खुपसून वडिलांशी बोलायची. पुढं तेही थांबलं.

लॉरेल भेटायला आली, तशी ब्रिन तिच्या गळ्यातच पडली.

"आई, मला घरी ने गं. मी शाळेत जाईन. तू म्हणशील ते करीन."

लेक गयावया करील, विरघळू नका, असं गॅरेटनं लॉरेलला आधीच बजावलं होतं. पाठ केलेलं म्हणावं तसं ती म्हणाली, "माझं प्रेम आहे तुझ्यावर, म्हणूनच तू इथं राहणार." आणि लेकीची बोटं तिनं एकेक करून स्वतःच्या मानेवरून सोडवली.

त्यानंतर ब्रिन कुणाशीच भांडली नाही.

अशा छावण्यांनी मुलांना आणि घरच्यांना खरंच गुण येतो का, याचा अभ्यास करायला हॅडलीबाई आल्या. भल्या बाई. ब्रिनला घेऊन माझ्यावर बसल्या. गॅरेट शेजारीच सरपण फोडत होता.

"अजून राग येतो?"

"नाही."

"आईबद्दल काय वाटतं?"

ब्रिननं गॅरेटकडे पाहिलं. "बरोबर उत्तर काय आहे?"

"बरोबर-चूक काही नसतं गं. मनातलं सांग."

"मग मी सुधारले," ब्रिन म्हणाली.

ती घरी निघाली, तेव्हा आठवण म्हणून मला तिच्या हाती दिलं. लॉरेलनं मला अंगणातल्या लाकडांवर टाकलं. ऊन खाऊन माझा रंग उडाला, कडा विरल्या. वर्षभरानं खिडकीतून लॉरेल फोनवर बोलताना ऐकू आली. पलीकडे हॅडलीबाई होत्या.

"नाही हो, उलटून बोलत नाही. हट्ट नाही, काही नाही. हो, फायदा झाला असंच लिहा."

तेवढ्यात ब्रिन स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. आत आली नाही.

"आई, मी पाणी पिऊ का?"

लॉरेलनं फोन कानावरून खाली घेतला. पलीकडून बाई पुढचा प्रश्न विचारत होत्या.

मित्रांनो, माझी घडी घातलीत काय, न घातलीत काय, मला आता फरक पडत नाही. पण भांडणारं मूल एकाएकी गप्प झालं, तर बरं झालं म्हणून कुणाला सांगत सुटू नका. त्याच्याजवळ बसा. ते पुन्हा भांडेपर्यंत उठू नका.