बेदाण्याची धुरी आणि हातभर फिल्म

मी एक जुनी फिल्म आहे, आणि मित्रांनो, हे मी तुम्हाला पत्र्याच्या बंद डब्यातून सांगते आहे. मला आवाज नाही. माझ्यात एक लठ्ठ माणूस आहे. त्याचा पाय बादलीत अडकतो, बादली काढताना शिडी अंगावर येते, शिडी चुकवताना तो चुन्याच्या घमेल्यात बसतो.

मी ज्यांच्या घरी आहे त्या जयपाल यांचे वडील मला टेम्पोतून कवठे महांकाळच्या आसपासच्या गावांत न्यायचे. शाळेच्या भिंतीवर पांढरं धोतर ताणून खेळ सुरू करायचे. माणसं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडायची.

मग घरोघरी टीव्ही आले. खेळ दाखवायचं यंत्र भंगारात गेलं, माझ्यावर झाकण बसलं. त्या अंधारात हालायलाही जागा नव्हती. उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले, तशी मी आकसत गेले आणि आंबट वास सोडू लागले.

यंदा जयपाल यांची नात प्राची शाळेतून बातमी घेऊन आली. सांगलीचे एक गृहस्थ शाळेत तसलं जुनं यंत्र आणणार होते. घरी फिल्म असेल तर आणा, असा निरोप होता. जयपालनी हौसेनं झाकण उघडलं आणि नाक दाबलं.

"लय आंबलीया. धुरी द्याय पायजे."

त्यांचं बेदाण्याचं शेड आहे. बेदाणा उजळावा म्हणून तिथे गंधकाची धुरी देतात. पण गंधकाच्या धुरानं माझी चित्रं पुसली जातात. हे मी कुणाला आणि कसं सांगणार?

"आवं, ती काय द्राक्षं हायती व्हय?" त्यांच्या पत्नी सुंदरीबाई म्हणाल्या.

"बेदाण्याला चालतंय, मग हिला काय हुतंय?"

"मग आदी मूठभराला देऊन बघा. मालाचं करताय तसंच."

शेडवर तशी रीतच आहे. जयपालनी माझं बाहेरचं हातभर टोक कापून धुरीच्या पेटीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते पिवळं आणि कोरं होऊन निघालं. जयपालनी ते उजेडाकडे धरून पाहिलं.

"गेलं की गं पुसून."

"तुमाला जिकडंतिकडं बेदाणाच दिसतोय," सुंदरीबाई म्हणाल्या आणि उरलेल्या मला त्यांनी उचलून आत नेलं.

शाळेत खेळ झाला. पोरं बाकावरून घसरेपर्यंत हसली. माणूस चुन्यात बसला आणि भिंत एकदम पांढरी झाली. जयपालांच्या वडिलांच्या शेवटच्या खेळानंतर मला कुणी परत उलटं गुंडाळलं नव्हतं. त्यामुळे बाहेरच्या बाजूला माझा शेवट होता, आणि कापलं गेलं ते माझं शेवटचं टोक होतं.

"आजोबा, त्यो उठतोय का न्हाई पुढं?" प्राचीनं विचारलं.

"उठायचा, बाळ. कपडे झटकायचा आन् चालाय लागायचा," जयपाल म्हणाले आणि मान खाली घालून त्यांनी मला डब्यात ठेवलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर माया जरूर करा, पण हात लावण्याआधी ती कशाची आहे, तिला काय सोसतं, हे जाणत्या माणसाला विचारा. जयपालांची माया खोटी नव्हती. पण माझ्यातला माणूस आता उठत नाही.