शिक्का खरा होता

रविवारी दुपारी चारला अनीबालच्या स्वयंपाकघरात येर्बाचं पाणी तापायला लागतं आणि चार वाजून पाच मिनिटांनी मी त्याचं दार वाजवते. तीस वर्षं झाली. आधी माझी मैत्रीण ओफेलिया दार उघडायची. ती गेल्यापासून तिचा हा नवरा उघडतो आणि म्हणतो, "या बाईसाहेब." मी सरकारी नोकरीत होते म्हणून बाईसाहेब. निवृत्त होऊन एक तप उलटलं, तरी याची जीभ काही वळत नाही.

येर्बा म्हणजे इकडचा कडू पाला, भोपळ्याच्या तुंब्यात भरून, वर गरम पाणी ओतून नळीनं ओढायचा. तुंबा एकच, नळी एकच. तो भरतो, मी पिते, रिकामा तुंबा परत देते, मग तो स्वतःसाठी भरतो. परत देताना 'आभारी आहे' म्हटलं की तुमचं पुरे झालं, पुढच्या खेपेला तुम्हाला मिळायचं नाही. आणि कुणी मुद्दाम थंड पाणी ओतून दिलं तर समजायचं, या घरात आता आपण नकोसे झालो. हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. मला अनीबालच्या हातून कधी थंड घोट मिळाला नाही, आणि अंधार पडायच्या आत माझ्या तोंडून कधी आभार निघाले नाहीत.

त्या रविवारी तुंबा भरायच्या आधीच त्यानं फोन माझ्यापुढे सरकवला. म्हणाला, वालेन्सियाला जातोय, सिल्वीनाकडे, कायमचा. सिल्वीना ही त्याची एकुलती एक लेक, तेवीस वर्षं झाली तिला स्पेनला जाऊन. चौऱ्याहत्तराव्या वर्षी हे महाशय नवा देश बघायला निघाले होते. शिवणयंत्रं दुरुस्त करायची शेवटची हत्यारंही विकून झाली होती. सगळे डॉलर शेवयांच्या डब्यात होते, आणि एवढी रोकड विमानातून न्यायची याची त्याला धास्ती होती. कोपऱ्यावरच्या खाटकानं तोड सुचवली होती: एका क्रिप्टो एक्स्चेंजमध्ये टाक, तिथे उतरून युरो काढ. शुक्रवारी दुकान बंद केल्यावर तो येऊन सगळं करून देणार होता. त्या एक्स्चेंजचं नाव मी इथे घेत नाही, या वयात कोर्टकचेरी मला झेपायची नाही.

मी चष्मा लावला आणि फोनवरचं त्यांचं पान थेट तळापर्यंत सरकवलं. तिथे मुंगीएवढ्या अक्षरात नोंदणी क्रमांक होता. अनीबाल हसला. म्हणाला, लोक भाव बघतात, बाईसाहेब अजून क्रमांक बघतात.

बघणार नाही तर काय? अठ्ठावीस वर्षं तेच केलं. आमच्या कार्यालयात तिसऱ्या मजल्यावर माझी खिडकी होती. कोणती पेढी नोंदलेली आहे, कोणत्या चलनवाल्याचा परवाना रद्द झाला, हे सगळं हिरव्या कापडी पुठ्ठ्याच्या वह्यांत असायचं. एकेक वही उचलायची म्हणजे कंबर धरायची. लोक रांग लावून यायचे, हातात चिठोरं, त्यावर दारावरच्या पितळी पाटीवरून उतरवलेला क्रमांक. मी वही उघडायचे, बोट फिरवत खाली यायचे, आणि म्हणायचे: आहे. किंवा: नाही. आहे म्हटलं की माणसाचे खांदे खाली यायचे. किती आवडायचं मला ते! घरी कुणी माझं ऐकत नव्हतं, पण त्या खिडकीशी माझ्या एका शब्दावर माणसं निर्धास्त होऊन जायची. शाईचा वास, जाळीच्या लिफ्टचा खडखडाट, दहा वाजता बशीत येणारे अर्धचंद्राच्या आकाराचे पाव, सगळं अजून आठवतं. देवाशप्पथ, उद्या बोलावलं तर धावत जाईन.

सोमवारी सकाळी संगणक उघडला. अशा एक्स्चेंजांची सरकारी यादी आता कुणालाही घरबसल्या दिसते. ना रांग, ना खिडकी, ना कुणाला बाईसाहेब म्हणायला लागत. आधी नाव घातलं. नव्हतं. मग कंपनीचं कागदोपत्री नाव शोधून घातलं. तेही नव्हतं. शेवटी तळचा क्रमांक घातला, तर तो निघाला दूरच्या मेंदोसा शहरातल्या एका भलत्याच कंपनीचा. म्हणजे दुसऱ्याच्या घराची पाटी उचलून आपल्या दाराला ठोकलेली. पंधरा मिनिटं लागली सगळी मिळून.

यादीच्या खाली एक ओळ होती. तिचा अर्थ असा की, नाव इथे आहे म्हणजे पैसे सुरक्षित आहेत अशी हमी कुणी देत नाही. ती ओळ वाचली आणि मला रडू फुटलं. आमच्या वहीत ही ओळ नव्हती.

दोन हजार एकच्या नोव्हेंबरात, महिनाअखेरच्या एका मंगळवारी दुपारी तीन वाजता अनीबाल माझ्या खिडकीशी आला होता. भाड्याचं दुकान विकत घ्यायला त्यानं आणि ओफेलियानं अकरा वर्षं साठवलेले पैसे कोपऱ्यावरच्या संगमरवरी बँकेत होते, आणि शहरात बँका बुडणार अशी कुजबुज चालू होती. त्यानं बाईसाहेब सोडून मला नावानं हाक मारली आणि विचारलं, "आयदे, काढू की ठेवू?" मी वही उघडली, बोट फिरवलं आणि म्हटलं, "नोंदणी आहे. शिक्का खरा आहे." त्याचे खांदे खाली आले. शनिवारी सरकारनं खाती गोठवली. ओफेलिया त्या बँकेच्या दाराशी उभी राहून पळीनं पातेलं बडवत होती, आणि आत कुणी ऐकत नव्हतं. जेव्हा पैसे सुटले तेव्हा त्यांचं मोल उरलं नव्हतं. दुकान गेलं, दुकानात बसणारी सिल्वीना पुढच्या वर्षी स्पेनला गेली. ते पोचे आलेलं पातेलं अजून त्या घरात आहे, येर्बाचं पाणी त्यातच तापतं.

त्या मंगळवारचं आणखी एक आहे. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

गुरुवारी कागद छापून घेतले आणि वार मोडून त्याच्याकडे गेले. त्यानं पाणी ठेवलं, पातेल्यात ओतून. मी सगळं समजावलं: नाव नाही, क्रमांक चोरीचा आहे, यात एक डॉलरही घालू नकोस. ऐकून झाल्यावर तो हसला, तेही मायेनं.

"यादीत नाही? मग बरंच आहे. यादीतल्यानंच मला खाल्लं होतं. आणि त्या वेळी गल्लीच्या टोकाला बिनपरवान्याचा डॉलरवाला बसायचा ना, त्यानं मेल्यानं माझी पै न् पै परत दिली. शिक्का दिसला की मी आता रस्ता बदलतो, बाईसाहेब."

इथली निम्मी माणसं असंच बोलतात, आणि ती मूर्ख नाहीत, पोळलेली आहेत. मी म्हटलं, शिक्का खरा असून माणूस बुडू शकतो हे कबूल, पण म्हणून खोट्या शिक्क्यानं कुणी तरत नाही. त्यानं हात झटकला. म्हणाला, शुक्रवार ठरलाय, खाटकानं स्वतःचे पैसेही त्यातच ठेवलेत, उगाच कटकट करू नकोस. पातेल्यात पाणी गुणगुणायला लागलं होतं. डबा टेबलावरच होता, पिवळा, झाकणाला रबर लावलेला. त्यातले पैसे गेले असते तर या माणसाला लेकीचं तोंड दिसलं नसतं, मला दुसरं काही सुचेना.

"अनीबाल," मी म्हटलं, "शिक्क्यानं नाही बुडवलं तुला. मी बुडवलं."

त्यानं गॅस बारीक केला.

"साहेबांनी सोमवारी मला आत बोलावून सांगितलं होतं, बँका बंद होणार, कुणाला बोललीस तर नोकरी जाईल. मंगळवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी माझे पैसे काढले. त्याच बँकेतून. तू खिडकीशी आलास तेव्हा ते पिशवीत होते, माझ्या पायाशी. तू विचारलंस काढू की ठेवू, आणि मी तुला वहीतला क्रमांक वाचून दाखवला."

तो म्हणाला, "पायाशी?"

"पायाशी. आज मला नोकरी नाही, साहेब नाही, वही नाही. आज मी सांगते, ठेव तो डबा तिथेच. बाकी तुझ्या मनाला येईल ते कर."

"ओफेलिया दर रविवारी तुझ्या हातचे पाव खात गेली," तो म्हणाला. "शेवटच्या महिन्यातसुद्धा." एवढंच. मला वाटलं आता हाकलेल. हाकललं असतं तर बरं झालं असतं.

त्यानं फोन उचलला, खाटकाला लावला, आणि म्हणाला, उद्या येऊ नकोस, माझा विचार बदललाय. कारण नाही सांगितलं. तुझे आहेत तेही काढ, एवढं मात्र सांगितलं. फोन खाली ठेवून त्यानं डबा कपाटात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. त्यानंतर गॅस बंद केला.

तुंब्यात येर्बा भरली. पातेलं तसंच राहू दिलं. नळाखाली पेला धरला आणि ते पाणी तुंब्यात ओतलं. माझ्याकडे न बघता तुंबा माझ्यापुढे ठेवला.

मी तो उचलला. थंडगार, कडूजहर, पानं भिजलेलीही नव्हती. नळीतून आवाज येईपर्यंत मी सगळं प्यायले, शेवटचा थेंबसुद्धा ठेवला नाही. मग तुंबा त्याच्या हातात परत दिला. आभार मानले नाहीत. तशीच बसून राहिले, पुढच्या खेपेची वाट बघत.