उन्हाळ्याची भिंत

सरोजिनीबाईंचा मोर बालवाडीच्या भिंतीवरून उतरला, त्या दिवशीच उमाचे दिवस भरले. फक्त हे उमाला ठाऊक नव्हतं.

मोर काचेच्या मण्यांचा होता. लग्नाच्या वर्षी सरोजिनीबाईंनी तो स्वतः विणला होता. मूलबाळ झालं नाही, नवरा भालचंद्र मास्तर शाळा आणि पेपर यातून डोकं वर काढीना, तेव्हा गावात बालवाडी निघाल्यावर त्या तिथल्या बाई झाल्या आणि काचेच्या चौकटीतला मोर घेऊनच तिथं गेल्या. गाव घनसावंगीच्या अलीकडे, गोदेच्या अंगाला. कापसाच्या जुन्या कोठ्यात बालवाडी भरायची. पोरं मोराखाली मांडी घालून बसत, पाढे म्हणत, झोपा काढत. मोराला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

मंग पोरं वाढली आणि ब्लॉकाच्या हापिसानं दुसरी बाई धाडली. उमा जालन्याची. नवऱ्यानं टाकलेली, भावाच्या घरात वाढलेलं ताट मुकाट खाणारी. ही नोकरी लागली तशी तिच्या अंगात जीव आल्यासारखा झाला होता. आल्या आल्या तिनं विचारलं, "ताई, ही भिंत पोरांना देऊ या का? उन्हाळा आहे, बाहेर खेळता येत नाही. ते आपल्या हातानं सजवतील."

"दे की," सरोजिनीबाई हसून म्हणाल्या.

"मंग मोर तेवढा आतल्या खोलीत ठेवते. पोरांच्या हातून काच फुटायची."

सरोजिनीबाई त्यावरही हसल्या. घरी गेल्यावर मात्र त्यांनी भाकरी थापताना परात अशी आपटली की भालचंद्र मास्तरांनी पेपर खाली घेऊन पाहिलं.

भिंत सजू लागली. उमानं आधी चुना मारला. मधोमध हळदीचा मोठा गोळा काढला आणि एकेका पोराचा तळवा गेरूत बुडवून गोळ्याभोवती उमटवला. झाला सूर्य. वाण्याकडच्या कागदी पिशव्यांचे आंबे कातरले. टरबुजाच्या फोडी कागदाच्याच, पण बिया खऱ्या. नदीच्या वाळवंटातली टरबुजं खाऊन पोरांनी बिया जपून ठेवल्या होत्या, त्या ज्वारीच्या खळीनं चिकटवल्या. सुतळीवर पतंग आले, शिंदीच्या पानांचे बोटभर पंखे आले. सरपंचांचा धर्मराज, जो एरवी घटकाभर टिकत नसे, तो दुपार होईस्तो बसून पतंगांना शेपट्या लावी. आया पाणी भरून परतताना दारात थांबत. "आमच्या पोरानं केलं व्हय हे?" म्हणत आणि डोईवरचा हंडा विसरत.

सरोजिनीबाई कोपऱ्यात बसून हे सगळं बघत. पोरं आता "उमाबाई, उमाबाई" करीत. त्यांच्याकडे येत ती फक्त नाक पुसून घ्यायला.

पोरांत एक नंदा होती, द्वारकाबाईची. चार वर्षांची. घरी बडबड करी म्हणे, पण बालवाडीत तिच्या तोंडून कधी शब्द फुटला नव्हता. सरोजिनीबाईंनी दटावून पाहिलं, कान धरून पाहिलं, शेवटी मुकी म्हणून सोडून दिली. उमानं तिला बोलायला सांगितलंच नाही. कागद दिला, निंबाचा पाला दिला. नंदानं पाला चिकटवून एक पोपट केला. चोच एकीकडे, शेपूट भलतीकडे. रोज सकाळी आल्यावर ती आधी त्या पोपटापुढे जाऊन उभी राही, त्याला एक बोट लावी आणि मगच आपल्या जागेवर बसे.

बालवाड्या तपासणाऱ्या हापिसातल्या मुख्यसेविका भेटीला येणार असा निरोप आला. उमाला रात्री झोप लागेना. सरोजिनीबाईंनाही लागली नाही.

त्या दिवशी पहाटेच सरोजिनीबाईंनी उमाला गाठलं. "अगं, अंबडच्या हापिसात रंगीत कागद आलेत म्हणे. जल्दी गेलीस तर मिळतील. भिंतीच्या वरच्या अंगाला मोकळं दिसतंय बघ."

"पण ताई, आज बाई यायच्यात."

"दुपारी येणार त्या. तोवर परत येशील. पोरांना बघते की मी."

उमानं त्यांचा हात धरला. "तुमच्यासारखी माणसं मिळाली हे माझं नशीब," म्हणाली आणि पहिल्या एस्टीनं गेली.

पोरं जमली. सरोजिनीबाईंनी दार लोटलं, पदर खोचला आणि गुळाची ढेप पुढ्यात घेतली.

"आज एक नवा खेळ," त्या म्हणाल्या. "जो सगळ्यात जास्त फाडील त्याला सगळ्यात मोठा खडा."

पोरांना कळेना. एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. सरोजिनीबाई उठल्या, त्यांनी सुतळीवरचा एक पतंग धरला आणि चर्रकन फाडला. आवाज असा मजेदार झाला की एक पोर खुदकन हसलं. मंग धर्मराज उठला. स्वतःच शेपटी लावलेला पतंग त्यानं ओढला, फाडला, वर उडवला. आणि मंग काय विचारता! आंबे गेले, टरबुजं गेली, पंखे पायाखाली कडकड मोडले. बिया जमिनीवर टपटपल्या. पोरं किंचाळत होती, हसत होती, तोंडात गूळ आणि मुठीत चिंध्या. हात पोचत नव्हता तिथं सरोजिनीबाईंनी त्यांना कडेवर घेतलं. गेल्या तीन वर्षांत त्यांनी एकाही पोराला कडेवर घेतलं नव्हतं. शेवटी त्यांनी ओली फडकी वाटली. आपापला तळवा पोरांनी आपल्याच हातानं पुसला. हळद आणि गेरू एक होऊन भिंतीवरून खाली वाहिले.

एकटी नंदा हलली नाही. पोपटापुढे ती भिंतीला पाठ लावून उभी होती.

"ए, तुला वेगळं सांगावं लागतं का?"

नंदानं मान हलवली. सरोजिनीबाईंनी तिचं मनगट धरलं. पोरीची बोटं एकेक करून उघडली, त्यात पोपटाची शेपूट दिली, वरून आपली मूठ आवळली आणि खाली ओढली. कागद फाटला. मंग त्यांनी तिच्या तोंडात गुळाचा खडा घातला. नंदानं तो गिळलाही नाही, थुंकलाही नाही. लाळ हनुवटीवरून गळत राहिली.

दुपारी जीप आली. जीपमधून मुख्यसेविका उतरल्या आणि त्यांच्या मागोमाग उमा उतरली. हापिसात कागद-बिगद काही नव्हते. पण तिथंच मुख्यसेविका भेटल्या, त्यांनी तिला गाडीत घेतलं. वाटभर ती त्यांना भिंतीविषयी सांगत आली होती. कोणता आंबा कुणाचा, कोणता तळवा कुणाचा. दारापाशी ती लहान पोरीसारखी पुढं पळाली. "या ना बाई, आधी हीच बघा."

भिंतीवर तांबडा चिखल होता आणि मधोमध काचेतला मोर.

उमा उंबऱ्यावरच थांबली.

"हे कुणी केलं?" मुख्यसेविकांनी विचारलं.

"आम्ही!" पोरं एका दमात ओरडली. तोंडं अजून गुळानं चिकट होती.

"ऐकेनात हो," सरोजिनीबाई हळू म्हणाल्या. "उमाबाईंनी त्यांना मोकळंच सोडलंय. मी एकटी किती जणांना धरू? शेवटी गूळ देऊन शांत केलं."

उमा नंदापाशी गेली आणि खाली बसली. "नंदे, तू सांग. तुम्हाला कुणी सांगितलं होतं का गं?"

नंदानं सरोजिनीबाईंकडे पाहिलं. मंग आपल्या मनगटाकडे पाहिलं. आणि बालवाडीत पहिल्यांदाच तिचं तोंड उघडलं.

"म्या फाडलं," ती म्हणाली.

मुख्यसेविकांनी सुस्कारा सोडला. "जी पोरं आपल्याच हातचं काम फाडतात, त्यांना तुम्ही काय शिकवलंत उमाबाई? वाटभर मला काय काय सांगत होतात."

महिना भरायच्या आत उमाला काढल्याचा हुकूम आला. एस्टीपर्यंत पोचवायला सरोजिनीबाई स्वतः गेल्या, खण-नारळानं तिची ओटी भरली. उमानं पिशवी उचलली, पायरीवर पाय ठेवला आणि वळून विचारलं, "ताई, तुम्ही तिथंच होता ना? थांबवलं का नाही?"

"इतकी खूश होती गं पोरं," सरोजिनीबाई म्हणाल्या. "त्यांचा आनंद मोडवेना."

उमा त्यांच्याकडे बघत राहिली. तिला सगळं कळलं आणि कळून काही उपयोग नव्हता, हेही कळलं. भावाच्या घरची वाट तिला पाठ होती. एस्टी धुरळ्यात गेली. त्या रात्री सरोजिनीबाईंना गाढ झोप लागली.

पण वैशाख सरायच्या आत हापिसातून फर्मान आलं. प्रत्येक बालवाडीत पोरांच्या हातची उन्हाळी सजावट भिंतीवर पाहिजे. वाटेत उमानं सांगितलेलं मुख्यसेविकांच्या मनात भरलं होतं.

सरोजिनीबाईंनी गेरू कालवला, पिशव्या कातरायला दिल्या. पोरं लगबगीनं कामाला लागली. कसेबसे आंबे कापले, वाकडेतिकडे चिकटवले. खळ वाळलीही नव्हती, तोच धर्मराज भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. सगळी पोरं त्याच्या मागं. डोळे गुळाच्या डब्यावर.

"बाई, आता फाडू का?"

"नाही रे! हे ठेवायचंय."

"मंग कधी फाडायचं?"

त्यांनी समजावलं. पोरांना वाटलं, बाई थट्टा करून राहिल्या. धर्मराजनं हसत हसत एक आंबा ओढला. चर्रकन आवाज झाला आणि पोरं खदखदली.

सरोजिनीबाईंनी त्याच्या कानाखाली अशी ठेवून दिली की पोरगं भिंतीवर आदळलं. मंग दुसऱ्याला, मंग जो हाताला लागेल त्याला. हात थांबला तेव्हा कोठा चिडीचूप होता. पोरं आपणहून रांगेत जाऊन बसली. सगळ्यांनी तळहात मांडीखाली दाबून धरले होते. "या, गेरूत हात बुडवा," त्या म्हणाल्या, चुचकारून म्हणाल्या, ओरडून म्हणाल्या. एकही हात बाहेर आला नाही. नंदा तर पोपट फाटला त्या दिवसापासून बालवाडीत आलीच नव्हती. "भित्याड झालीय, कागद बघितला तरी रडती," असं द्वारकाबाई पाणवठ्यावर सांगत होती.

मंग सरोजिनीबाई एकट्याच भिंतीपाशी बसल्या. गेरूत मूठ बुडवून, तिच्या कडेनं आणि बोटांच्या टोकांनी त्यांनी लहानग्या पोरांचे हात काढले. आंबे कातरले, मुद्दाम वाकडे. फोडींवर बिया चिकटवल्या, मुद्दाम विस्कटून. पाठीमागं पोरं तळहात मांडीखालीच दाबून बसली होती.

मुख्यसेविका आल्या, त्यांनी भिंत पाहिली आणि त्यांना फार आवडली. "बघा," त्या म्हणाल्या, "पोरांच्या हातात गोडवा असतो तो असा."