बावीस घरांचा चोथा

उएलेसे म्हणजे दूरच्या एका बेटावरल्या गावचा वक्ता. लग्न असो की मयत, त्याने तोंड उघडलं की कुत्रीसुद्धा बसून ऐकायची. नाक मात्र देवाने आपल्याला नुसतं शोभेला दिलंय, हे हल्ली तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरतो.

त्याची बायको मासिना लेकीच्या बाळंतपणाला ऑकलंडला निघाली, तेव्हा तिने आपल्या तीस कोंबड्या त्याच्या हवाली केल्या. त्यातली पांढरी लेकीने सासरी जाताना दिलेली, मासिनाच्या मांडीवर बसणारी.

"अहो, खाणं घालण्याआधी हुंगून बघा," एवढंच ती म्हणाली.

"हुंगायला मी काय डुक्कर आहे?"

रविवारी घरोघरी नारळ खवून दूध पिळतात आणि उरलेला चोथा तसाच ताजा कोंबड्यांपुढे टाकतात. हे शेंबडं पोरही जाणतं. पण शहाणपण उतू चाललेलं ना! उएलेसेने चर्चबाहेर उभं राहून चोथ्यावर अर्धा तास भाषण ठोकलं. संध्याकाळपर्यंत बावीस घरांतून टोपल्या आल्या. मानाने आलेलं परत कसं करायचं? त्याने सगळा चोथा पोत्यांत ठासला, वर ताडपत्री करकचून बांधली आणि महिन्याची बेगमी झाली म्हणून स्वतःचीच पाठ थोपटली.

चौथ्या दिवशी चोथ्यावर हिरवी लव आली. ती त्याने वरवर झटकली आणि तोच चोथा रोज घालत राहिला. तीन आठवड्यांत तुरे फिके पडले, अंडी थांबली. त्याने खुराड्यापुढे उभं राहून कोंबड्यांना धीर देणारं भाषण केलं. दुसऱ्या दिवशी सहा मेल्या.

पशुखात्यातली फेतुआओ आली. तिने एक मेलेली कोंबडी चिरली.

"काका, ही कलेजी बघा. पिवळी पडलीय, बोट लावलं तर तुटतेय."

"रोग कुठला गं, पोरी?"

"रोग तुम्हीच! बुरशीचं विष घातलंत. खाऱ्या वाऱ्याने पत्रा गंजतो ना, तसं अंग आतून गंजतं. गंज थोपवायची ताकद शरीरात असते, ती या विषाने संपवली."

"पण हिरवं तर मी झटकलं होतं!"

"विष खाली मुरलेलं, काका. पोती जाळा. ताजं खाणं द्या, गंज थोपवणारं ई जीवनसत्त्व मी पाण्यातून देते. तगतील त्या तगतील."

अकरा तगल्या.

गावात कुणाचा मोठा अपराध झाला, तर अपराध्याने मानाची चटई डोक्यावरून पांघरून दुखावलेल्याच्या दाराशी बसायचं. चटई उचलली गेली तर माफी. मासिना आली त्या दुपारी उएलेसे स्वतःच्याच दारात चटईखाली घामाने निथळत बसला होता. भाषण पाठ केलेलं, पण एक शब्द आठवेना.

तिची पावलं जवळ आली, थांबली, खुराड्याकडे वळली. खुराड्याचं दार करकरलं. मेलो, असं त्याला वाटलं.

मग चटई उचलली गेली. मासिनाचे डोळे भरले होते.

"पांढरीपण?"

त्याने होय म्हणून मान हलवली. ती त्याच्या शेजारीच मटकन बसली, चटईचं टोक नाकाशी नेलं.

"हीपण दमट ठेवलीत ना? बुरसटलीय."

त्याने वाकून हुंगलं.

"येतोय गं वास," तो म्हणाला, आणि हमसून हमसून रडायला लागला.