नाचावरचा आळ

माझी भाची तुळजा दहा वर्षांची. तिला प्रश्न पडला की समोरच्याची खैर नसते. दोन वर्षांपूर्वी तिच्या मेंदूतली गाठ काढली, तेव्हा शुद्धीवर येताच विचारती झाली, "गाठ बरणीत ठेवलीत? मला पाहाचं आहे."

यंदा तिचा डावा गुडघा दुखू लागला. डोक्याचा एमआरआय नुकताच चांगला आला होता, म्हणून घरानं दोष दिला भरतनाट्यमला. पाय आपटून दुसरं काय होणार? तिचे वडील श्रीवत्स सिरुसेरीच्या आयटी पार्कात सॉफ्टवेअरमध्ये आहेत. त्यांना प्रत्येक बिघाडाचं कारण हाताशीच सापडतं. त्यांनी क्लास बंद केला, घुंगरू माळ्यावर टाकले. मी मान डोलावली. मीही शहाणाच!

महिन्याभरानं तुळजा वडिलांना म्हणाली, "अप्पा, नाच थांबला. मग दुखणं कां थांबत नाही?"

हेच वाक्य तिनं तिच्या गाठीवर उपचार करणाऱ्या डॉक्टर अलकनंदांना ऐकवलं आणि त्यांनी लगेच हाडांचा स्कॅन करायला लावला. गुडघ्याच्या वरच्या हाडात गाठ दिसली; तुकडा तपासला, तर मेंदूतलाच कॅन्सर निघाला. माझी बहीण सुष्मिता खुर्चीतच खचली. मला तर फार भीती वाटली.

तुळजा मात्र पुढं सरकली. "डोक्यांतनं गुडघ्याला? कोठल्या वाटेनं?"

"रक्तातून," डॉक्टर म्हणाल्या. "एखादी पेशी निसटली असेल आणि हाडात दडून राहिली असेल. क्वचित होतं असं."

"नाचानं?"

"नाही गं. नाचाचा काही संबंध नाही. पण हाड नाजूक झालंय, सध्या पाय आपटायचा नाही. औषधं पुन्हा सुरू करू. किती गुण येईल, ते आज सांगता येत नाही."

घरी आल्यावर तुळजा बापासमोर उभी राहिली. "अप्पा, नाचावर खोटा आळ घेतलात. माफी मागा."

पाय आपटले म्हणून नाच संपल्यावर भूमीची माफी मागायची, ही तिच्या क्लासची रीत. श्रीवत्सांनी माळ्यावरून घुंगरू काढले, तिच्यासमोर ठेवले आणि खाली वाकून जमिनीला हात लावून डोळ्यांना लावले.

"कोपर बाहेर, अप्पा," क्लासमध्ये शिकवतात तसं तिनं सुधारलं.

त्यांनी कोपर बाहेर काढलं. पण उठवेना, तिथंच बसून रडू लागले.

"सरी, बरं, झालं," तुळजा त्यांच्याशेजारी बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "हाडांतनं पुढं ती गाठ कोठं जाते?"

श्रीवत्सांनी डोळे पुसले. "मला माहीत नाही, तुळजा. उद्या दोघं मिळून विचारू."