चोवीस पावलांचा पूल

आजोबांचा स्वतःच्या पायांवर जितका विश्वास होता, तितका माणसांवरही नव्हता. पस्तीस वर्षं त्यांनी जमिनीच्या मोजणीचं काम केलं. साखळी होती, फीत होती, तिपाईवरची दुर्बीण होती. पण आधी ते रान पायांनी मोजून घेत आणि मग यंत्र काय म्हणतं ते बघत. दोन्हींत फरक पडला तर यंत्र पुन्हा लावायला सांगत. हाताखालचे लोक गालातल्या गालात हसायचे आणि पुन्हा लावायचे, कारण बहुतेक वेळा चूक यंत्र लावणाऱ्याचीच निघायची.

आता निवृत्त होऊनही पंधरा वर्षं झाली होती आणि बायको जाऊन तीन. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ते एकटे राहत. सरत्या हिवाळ्यात जिन्यात दोनदा पडले. लेक दवाखान्यात परिचारिका. तिच्या घरी तळमजल्यावर एक खोली रिकामी होती, आणि त्या खोलीचा विषय निघाला नाही असा एक रविवार गेला नव्हता.

"पडलेली म्हातारी माणसं मी रोज उचलते, बाबा," ती म्हणायची. "घरचं माणूस उचलायची वेळ आणू नका."

वसंत सुरू झाला, झाडांना पोपटी पालवी फुटली आणि सगळे सहलीला निघाले. बसमध्ये लेकीने पुन्हा तोच विषय काढला तेव्हा आजोबांनी पैजच लावली.

"तू आठ वर्षांची असताना तू नि तुझ्या आईने इकडे एक डबा पुरला होता, आठवतं? हद्दीच्या दगडापासून टेकडीच्या खिंडीकडे तोंड करून साठ पावलं. माझी. आज पहिल्या फटक्यात काढून दाखवला, तर खोलीचा विषय कायमचा बंद."

"आणि नाही सापडला तर?"

"तर गुपचूप गाठोडं बांधतो आणि येतो."

"मी साक्षीदार," पुढच्या बाकावरून जावई म्हणाला. तो बेकरीत कामाला होता. पहाटेची पाळी संपवून थेट आला होता आणि त्याच्या कानामागे अजून पीठ होतं. "म्हणजे खणायचं कोणी, तेही ठरलंच."

बस थांबली तिथून पुढे पायवाट होती आणि मग ओढ्यावरचा दगडी पूल. आठ वर्षांची नात आजोबांचा हात धरून चालत होती. सतत काही ना काही गोळा करत फिरते म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. तिचा चार वर्षांचा भाऊ टिल्लू वडिलांच्या खांद्यावर होता.

"मुंगे, एक गंमत दाखवतो," आजोबा म्हणाले. "हा पूल बरोबर चोवीस पावलांचा आहे. माझी पावलं मोज. एकही कमी-जास्त व्हायचं नाही."

मुंगीने वर्गातल्यासारखं शहाणं तोंड केलं आणि मोजायला लागली. तिचं नि आकड्यांचं वाकडं होतं. शाळेतल्या बाईंनी वहीत तसं लिहून पाठवलं होतं, आणि तेव्हापासून पाढे म्हणताना तिचा आवाज बारीक व्हायचा. पण आज आजोबा सोबत होते, म्हणून ती मोठ्याने मोजत गेली. पुलाच्या त्या टोकाला आल्यावर म्हणाली, "बत्तीस!"

"चोवीस, बाळ."

"बत्तीस झाली, आजोबा."

"मधेच स्वतःची पावलं धरली असशील तू. होतं असं." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आवाजात माया होती, आणि म्हणूनच मुंगीचा त्यावर विश्वास बसला. तिने हात सोडला आणि मागे राहून फुलं वेचायला लागली.

हद्दीचा दगड जिथल्या तिथे होता. आजोबांनीच तो तरुणपणी रोवून घेतला होता. त्यांनी त्याला पाठ लावली, खिंडीवर नजर ठेवली आणि निघाले. साठाव्या पावलाला काठी जमिनीत रोवली. "खण इथे."

जावयाने छोटं फावडं चालवलं. गुडघाभर खड्डा झाला. गांडुळं निघाली, मुळं निघाली, टिल्लूला हवा तसा एक गुळगुळीत दगड निघाला. डबा काही निघाला नाही. जावयाने चारी बाजूंनी हात-हातभर खड्डा वाढवला, तरी नाही.

"वाससुद्धा येत नाही हो डब्याचा," तो घाम पुसत म्हणाला. मग सासऱ्यांचा चेहरा बघून त्याने सूर बदलला. "तीस वर्षं म्हणजे काय कमी झाली? ओढ्याला पूर आला असेल, माती वाहून गेली असेल. डबाच नाही तर पैज कसली? पैज रद्द."

लेकीने नवऱ्याकडे पाहिलं, मग बापाकडे, आणि मुकाट्याने चादर अंथरून पाव आणि उकडलेली अंडी मांडायला घेतली. तिलाही बाप हरलेला बघायचा नव्हता. आजोबांच्या मनात आलं, बरं झालं. पूर आला असेल. पूर कोणाच्या बापाचं ऐकतो?

टिल्लूने संत्रं सोलून बहिणीपुढे धरलं. "ताई, फोडी मोज ना. तुला जास्त की मला जास्त?"

"मला मोजता येत नाही," मुंगी म्हणाली. "तूच मोज."

ना रागावणं, ना रुसणं. माझे डोळे काळे आहेत, असं सांगावं तसं सांगून ती गवताच्या काडीला गाठी मारत बसली.

आजोबांच्या हातातलं अंडं हातातच राहिलं. ते उठले आणि हात धुवायच्या निमित्ताने ओढ्याकडे गेले. काठावर ओला गाळ होता. हात धुऊन वळले तर समोर त्यांचीच पावलं उमटलेली. जमिनीवरच्या खुणा वाचण्यात उभा जन्म गेलेला. नको म्हटलं तरी डोळे वाचतातच. ते कष्टाने खाली बसले आणि एका टाचेपासून दुसऱ्या टाचेपर्यंत विती घातल्या. त्यांचं पाऊल साडेतीन विती होतं. आयुष्यभर तेवढंच होतं. आज अडीच भरल्या, आणि वर दोन बोटं. त्यांनी पुढचं पाऊल मोजलं. तेही तेवढंच.

यंत्र बिघडलं की ते लगेच ओळखत. हे यंत्र कधी बिघडलं, ते मात्र त्यांना कळलंच नव्हतं.

गप्प बसणं सोपं होतं. पूर आला असेल असं जावई म्हणालाच होता. तळमजला टळला असता, तिसरा मजला राहिला असता. आणि आपल्याला मोजता येत नाही, हे एक पोर जन्मभर खरं मानून चाललं असतं.

"मुंगे!" त्यांनी हाक मारली. "इकडे ये. आणि तुम्हीही या सगळे."

सगळे आले. आजोबा गाळातून उठले नाहीत; उठायला दोघांचा आधार लागला असता आणि बोलणं आधी व्हायला हवं होतं.

"पुलावर तू बत्तीस मोजलीस. बरोबर मोजलीस. चुकलो मी. पूल तेवढाच आहे, माझं पाऊल आखूड झालंय. हे बघ."

मुंगीने गाळात पाहिलं, मग आजोबांच्या तोंडाकडे. "मग चोवीस कोणाची?"

"तीस वर्षांपूर्वीची माझी. आता सांग, आधी चोवीस लागायची, आता बत्तीस लागतात. आठ-आठचे ढीग कर. चोवीसचे किती?"

तिने बोटांवर हिशेब मांडला. घाई कोणी केली नाही. टिल्लू बोलायला गेला तर आईने त्याच्या तोंडात संत्र्याची फोड कोंबली.

"तीन ढीग."

"आणि बत्तीसचे?"

"चार." ती थांबली. "म्हणजे आधी तीन पावलं टाकायचात, तिथे आता चार टाकता."

"असं! तेव्हा डबा साठ पावलांवर होता. साठात तीन कितीदा?"

ती पुटपुटायला लागली. आवाज बारीकच होता, पण थांबला नाही. "वीस त्रिक साठ... वीस वेळा. मग वीस चोक..." तिने मान वर केली. "ऐंशी! आजोबा, ऐंशी पावलं चाला!"

जावयाने कपाळावर हात मारला. "म्हणजे पुन्हा खणायचं!"

दोघांनी धरून आजोबांना उठवलं. ते दगडाशी गेले, खिंडीवर नजर लावली आणि या खेपेस मुंगी मोजत राहिली, मोठ्याने. ऐंशीला थांबले. तिथे खणलं, तर काही मिळालं नाही. दुसरा खड्डा दोन हात अलीकडे काढला, तेव्हा फावडं पत्र्यावर खणकन वाजलं.

डबा गंजून लाल झाला होता. आत एक शिट्टी, निळ्या काचेचे दोन मणी, लेकीची रिबीन, आणि मेणकापडात गुंडाळलेला कागद. अक्षर आजीचं. लेकीने वाचला: "दगडापासून इथवर. बाबा साठ. आई अठ्ठ्याहत्तर. छोटी एकशे बारा, शेवटी उड्या मारल्या."

लेक हसली आणि तोंड फिरवून रिबीन झटकत राहिली.

आजोबांनी कागद हातात घेतला. "माझ्यामागे धापा टाकत यायची," ते म्हणाले. "म्हणायची, अहो, जरा माणसासारखं चाला. आज मला ऐंशी लागली. अजून दोन पावलं मागेच आहे मी तिच्या."

टिल्लू शिट्टी फुंकत होता. तीस वर्षांच्या मातीने ती काही वाजत नव्हती.

परतताना पुलावर लेकीने आजोबांचा हात धरला. "पैजेचं मनावर घेऊ नका, बाबा. डबा तर सापडला."

"पहिल्या फटक्यात नाही. पैज म्हणजे पैज, मोजणीदाराचा शब्द आहे." ते चार पावलं चालले. "त्या खोलीची खिडकी केवढी आहे?"

"मोजली नाही कधी."

"तीस वर्षांत काही शिकली नाहीस." त्यांनी मागे वळून हाक दिली. "मुंगे, येत्या रविवारी एक खोली मोजायची आहे. पावलं तुझी धरायची, माझी नकोत."

मुंगीचं लक्ष नव्हतं. ती पुलाच्या मधोमध उभी राहून स्वतःची पावलं मोजत होती, आणि टिल्लूने मधेच बोलून चुकवलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला मागे पळाली.