चौथा रकाना

आमच्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात पाण्याचा तुटवडा अधूनमधून असतो, माहितीचा कधीच नसतो. प्रत्येक विभागाने आपापली माहिती आपापल्या कॉम्प्युटरात, स्वतःला हव्या तशा रचनेत जपून ठेवलेली आहे. बिलांचं ॲप्लिकेशन एका जुन्या कारकुनाने बनवलं आणि तो नोकरी सोडून गेला. स्टोअरचं, आधीच्या साहेबांच्या पुतण्याने सुट्टीत वेळ जात नव्हता म्हणून बनवलं. तक्रारींचं कोणी बनवलं ते कुणालाच माहीत नाही, आणि त्याचा दर्जा बघता बनवणारा पुढे येईल असंही वाटत नाही. ही सगळी लेकरं सांभाळायला एकच बाई आहे, ती मी. ऑफिसात मला कॉम्प्युटरताई म्हणतात.

माझा नवरा दुसऱ्या गावात शाळेत गणित शिकवतो आणि आमची लेक ठकी त्याच्याजवळ राहते. मी इथे भाड्याच्या खोलीत. महिन्यातून दोनदा बसने जायचं, ठकीचे कपडे किती आखूड झालेत ते बघायचं आणि परत यायचं. त्या गावात आमच्याच खात्याची एकुलती एक शाखा आहे. चार वर्षं मी बदलीचे अर्ज करत होते आणि आमचे साहेब चार वर्षं तेच उत्तर देत होते, "ताई, तुम्ही गेलात तर हे सगळं चालवणार कोण?" माझ्या कामाचं इतकं कौतुक दुसऱ्या कुठल्याही प्रसंगी झालेलं नाही.

शेवटी आमच्याच एका पराक्रमाने माझं नशीब उघडलं. एका विभागाने एका आजोबांचं पाणी तोडलं आणि त्याच दिवशी दुसऱ्या विभागाने त्यांना 'आदर्श ग्राहक' म्हणून अभिनंदनाचा संदेश पाठवला. आजोबा कोरडी बादली आणि तो संदेश घेऊन थेट मुख्य कार्यालयात पोचले. तिथून आदेश निघाला: योग्य तंत्रज्ञान निवडून सगळी ॲप्लिकेशन्स एकत्र करा, आणि तसं झालं की कॉम्प्युटरताईंच्या बदलीला हरकत नाही. मी तो आदेश नवऱ्याला फोनवर वाचून दाखवला. त्याने ठकीला हाक मारली आणि मला तो पुन्हा वाचायला लावला.

साहेब कसल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले होते. तिथून ते 'निकष' आणि 'गुण' हे दोन शब्द घेऊन आले आणि आता सोडायला तयार नव्हते. "आपण शास्त्रीय पद्धतीने जाऊ," ते म्हणाले. म्हणजे प्रत्येक विभागाने आपल्या अपेक्षा लिहून द्यायच्या, मी त्यांचा तक्ता करायचा आणि समितीने प्रत्येक तंत्रज्ञानाला गुण द्यायचे. साहेबांनी स्वतःचाही एक निकष दिला: निवडलेलं तंत्रज्ञान या इमारतीत ठेवायचं नाही, दुसऱ्या गावातल्या शाखेत ठेवायचं आणि तिथून चालवायचं. कारण मागच्या वर्षी आमचीच पाइपलाइन फुटून आमचीच कॉम्प्युटर खोली बुडाली होती. शहरात पाणी नव्हतं, सर्व्हरमध्ये गुडघाभर होतं.

तक्त्यात तीन रकाने होते. पहिला, एका कंपनीचं तयार पॅकेज. दुसरा, भाड्याने मिळणारी क्लाउडवरची सेवा. तिसरा माझा लाडका: फुकट मिळणारा एक चांगला डेटाबेस घ्यायचा, सगळी माहिती त्यात आणायची आणि सगळ्यांनी ती ब्राउझरमधून वापरायची. कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली कुठलीही मुलगी हे चालवू शकली असती. मला तेवढंच हवं होतं, माझ्या जागी कुणीही चालेल असं काहीतरी.

बैठकीला पॅकेजवाल्या कंपनीचा माणूस आला होता. त्याने पडद्यावर रंगीत आलेख नाचवले. स्टोअरवाले काका शांतपणे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "यात 'इतर' आहे का?"

"म्हणजे?"

"आमच्याकडे निम्मा माल 'इतर'मध्ये असतो. पाइप, नळ, खुर्च्या. बाकीचा कुठेय ते मला पाठ आहे."

बिलांच्या मॅडमचा प्रश्न त्याहून मूलभूत होता. त्या सोळा वर्षं एकच बटण दाबून बिल काढतात आणि ते बटण कीबोर्डवर तिथेच राहणार का, एवढं त्यांना हवं होतं. कंपनीचा माणूस घाम पुसत म्हणाला, "मॅडम, यात बटण लागतच नाही." मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. पॅकेज तिथेच संपलं.

मग निकष वाचायला सुरुवात झाली. मीच वाचत होते, मीच टाइप करत होते. 'बंद पडल्यास टेबलाशी येऊन चालू करून द्यावे.' तिन्ही रकान्यांत शून्य. 'पासवर्ड विसरल्यास न रागावता सांगावा.' शून्य. 'आम्ही काय म्हणालो यापेक्षा आम्हाला काय हवे होते ते ओळखावे.' शून्य. 'नवीन काही शिकावे लागू नये.' इथे माझ्या लाडक्या रकान्याला मी हळूच अर्धा गुण टाकला, तो मॅडमनी काढायला लावला.

"छे, यापेक्षा आपल्या ताई बऱ्या," स्टोअरवाले काका म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले, वेड्यासारखी. साहेब तेवढे हसले नाहीत. ते पडद्याकडे बघत होते.

"ताई, एक रकाना वाढवा," ते म्हणाले.

"कशासाठी, साहेब?"

"शास्त्रीय पद्धत म्हणजे उपलब्ध असलेला कुठलाही पर्याय वगळायचा नाही. चौथा रकाना घ्या. वर तुमचं पद लिहा."

कीबोर्ड माझ्याच हातात होता. टेबलाशी येते का? येते. दहापैकी दहा. न रागावता? काकांनी नऊ दिले, मागच्या मंगळवारचा एक कापला. एकेक गुण मी स्वतःच्या बोटांनी भरत गेले आणि प्रत्येक गुणाबरोबर माझं गाव एकेक थांबा लांब जात होतं. शेवटचे दोन-तीन निकष 'तांत्रिक स्वरूपाचे' म्हणून साहेबांनी न वाचताच मान्य केले. एकमताने माझी निवड झाली. टाळ्यासुद्धा वाजल्या.

"आणि बदली?" मी विचारलं. "आदेशात लिहिलंय, एकत्रीकरण झाल्यावर."

"झालंच की. सगळी ॲप्लिकेशन्स तुमच्या ठिकाणी एकत्र आहेत," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "पण ज्यात एकत्र झाली तेच हलवायचं म्हणजे..." वाक्य पुरं करायचीही त्यांना गरज वाटली नाही.

संध्याकाळी नवऱ्याला सांगताना मला रडू फुटलं. रागाने फुटलं, पण रडूच ते. त्याने पलीकडे दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "ठकीला आज नको सांगूया." ते ऐकून मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी बैठकीचं इतिवृत्त लिहायलाही अर्थातच मीच. माझ्या गळ्याचा फास मीच सुबक अक्षरांत टाइप करत होते. निकष, गुण, निकष, गुण. असं करत साहेबांच्या निकषापाशी आले आणि हात थांबला. दोनदा वाचला. मग पुढे चौथ्या रकान्याचे गुण तसेच ठेवले, खाली 'अंमलबजावणी' असं लिहिलं आणि कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेले.

"सही हवी होती, साहेब. मुख्य कार्यालयाला आजच पाठवायचंय."

साहेबांनी वाचलं. "हे काय? 'निवडलेले तंत्रज्ञान दुसऱ्या गावातील शाखेत ठेवून तेथून चालवावे'?"

"तुमचाच निकष आहे. सगळ्यांत दूरदृष्टीचा, सगळे म्हणत होते." कुणीही म्हणत नव्हतं.

"अहो, तो यंत्रासाठी होता!"

"मग गुण माणसाला कसे दिले आपण? तसं असेल तर निवडच रद्द करून पुन्हा बैठक घेऊ. कंपनीच्या माणसालाही पुन्हा बोलावू."

साहेबांना बहुधा मॅडमचं बटण आठवलं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पेन उचललं. "इमारतीत पाणी शिरण्याचा धोका खराच आहे," असं स्वतःलाच सांगत त्यांनी सही केली.

आता मी माझ्या गावातल्या शाखेत बसते. फोनवरून सगळं चालवते आणि सगळं पूर्वीइतकंच वाईट चालतं. आजोबांना पाणी मिळालं, संदेश मात्र अजून येतात. टेबलाशी येत नाही म्हणून काकांनी माझे गुण कमी केल्याचं कळलं. कामाच्या वेळेचा निकष कुणीच लिहिला नव्हता, त्यामुळे फोन कधीही वाजतो.

परवा आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. माझा पहिला घास हातातच, आणि फोन वाजला. मी सवयीने हात पुढे केला, पण ठकीने तो आधीच उचलला होता. पलीकडून काकांचा आवाज मलाही ऐकू येत होता, स्टोअरचा स्क्रीन काळा झाला होता.

"सिस्टिम देखभालीसाठी बंद आहे," ठकी गंभीरपणे म्हणाली. "हो, उद्या सकाळी चालू होईल. नाही काका, आज नाही. चार वर्षं देखभालच झालेली नाहीये."

तिने फोन उलटा करून स्वतःच्या मांडीखाली ठेवला आणि माझ्या ताटाकडे बोट दाखवलं.

"जेव आता."